आवाज आला, पण भार उतरला नाही

पोलाद तुटताना बघायची मला सवय होती. भोसरीतल्या एका फोर्जिंग कारखान्याच्या क्वालिटी विभागात मी नोकरीला होते आणि तिथल्या यूटीएम नावाच्या चाचणी यंत्रावर रोज नमुने ओढून तोडले जायचे. पोलादाचा नमुना आधी सरळ रेषेत ताणला जातो, एका भाराला नमतो, मग मधोमध बारीक होत जातो आणि त्या बारीक झालेल्या जागी तुटतो. आलेख समोर धरला की कुठे काय झालं ते सांगता येतं. यील्डचा आकडा एक, तुटण्याचा आकडा एक. नमुना उभा कापा की आडवा, थोडाफार फरक सोडला तर उत्तर तेच. पदार्थाची ताकद म्हणजे हे दोन आकडे, अशी माझी पक्की समजूत होती.

मग मी पुण्यातच एका कंपोझिटच्या प्रयोगशाळेत आले आणि त्या समजुतीचं काय करायचं तेच कळेना.

तिथल्या मॅडमनी मला सुरुवातीला दोन पट्ट्या दिल्या. दोन्ही एकाच प्रीप्रेगच्या. प्रीप्रेग म्हणजे सगळे कार्बन फायबर एकाच दिशेला लावलेली आणि त्यात इपॉक्सी रेझिन आधीच मुरवलेली चिकट चादर. एका फायबरचा व्यास सात मायक्रॉनच्या आसपास, आणि तयार झालेल्या एका थराची जाडी साधारण ०.१२५ मिलिमीटर. असे थर हातांनी एकावर एक रचतात, व्हॅक्यूम बॅगखाली हवा ओढून घेतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली, १७७ अंश सेल्सिअसला पक्के करतात. त्यातून जी प्लेट निघते ती काळी, गुळगुळीत आणि हातात धरली तर इतकी हलकी की पोलाद हाताळलेल्या माणसाला ती खरी वाटत नाही.

पहिल्या पट्टीत सगळे फायबर ओढण्याच्या दिशेला होते. आलेख शेवटपर्यंत सरळ चढत गेला. नमणं नाही, बारीक होणं नाही, कसलीही पूर्वसूचना नाही. एका क्षणी बंदुकीसारखा बार झाला आणि पट्टीच्या जागी काळ्या तंतूंच्या चिंध्या लोंबत राहिल्या. दुसऱ्या पट्टीत फायबर आडवे होते. ती अगदी थोड्या भाराला, फारसा आवाजही न करता, सरळ रेषेत दुभंगली. टी-३०० फायबर आणि ५२०८ रेझिन या जुन्या जोडीचे आकडे या विषयातल्या प्रत्येक नवशिक्याला पाठ करावे लागतात: फायबरच्या दिशेने ओढलं तर ताकद १५०० मेगापास्कल, आडवं ओढलं तर ४०. एकच पदार्थ, आणि फरक सदतीस पटींहून जास्त.

बांबू उभा चिरायला कोयत्याचा एक घाव पुरतो आणि तोच आडवा तोडताना घाम निघतो, तसंच हे, असं मॅडम म्हणाल्या. ते पटलं. पटलं नाही ते पुढचं. आडव्या दिशेची ही ताकद नुसत्या रेझिनच्या ताकदीहूनही कमी असते. म्हणजे रेझिनमध्ये इतके मजबूत फायबर घातल्यावर त्या दिशेने ते अधिक कमजोर झालं! कारण असं की ताठ फायबर स्वतः फारसे ताणले जात नाहीत. दोन फायबरांच्या मधे जी रेझिनची चिंचोळी जागा उरते, तिलाच सगळं ताणणं सोसावं लागतं. शिवाय फायबर आणि रेझिन जिथे चिकटलेले असतात ती सीमा स्वतःच एक कच्चा दुवा असते. चीर तिथूनच सुरू होते आणि एका फायबरच्या कडेवरून दुसऱ्याच्या कडेवर उड्या घेत जाते.

यावर उपाय म्हणून थरांच्या दिशा बदलतात. काही थर ० अंशात, काही ९०, काही अधिक-उणे ४५. प्रत्येक दिशेचा भार घ्यायला कुणीतरी असावं म्हणून. मला वाटलं, आता पुन्हा एक आकडा मिळेल. तेवढ्यासाठीच तर हे थर रचले असतील.

० आणि ९० अंशांचे थर असलेली पट्टी मी यूटीएमवर लावली. अंतिम भाराच्या निम्म्यापर्यंतही गेलो नव्हतो, तोच आतून आवाज आला. टिक्. मग थोड्या वेळाने आणखी एक, मग भराभर. माझा हात बंद करायच्या बटणाकडे गेला. पोलादाच्या नमुन्यातून असा आवाज आला तर काहीतरी गंभीर झालेलं असतं. यूटीएम सांभाळणारे काका शांतपणे म्हणाले, "ताई, थांबवू नका. आत्ता कुठे सुरुवात झालीय." स्क्रीनवर बघितलं तर भाराचा आकडा चढतच होता. काहीतरी तुटत होतं, सतत तुटत होतं, आणि पट्टी आणखी भार घेत होती.

तुटणाऱ्या वस्तूने भार घेत राहावा, हे माझ्या डोक्यात बसेना. दुसरी पट्टी मॅडमनी मधेच थांबवून उतरवायला लावली. तिची कड घासून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. ९० अंशांच्या थरात उभ्या भेगा पडलेल्या होत्या, एका बाजूच्या शून्य अंशाच्या थरापासून दुसऱ्या बाजूच्या थरापर्यंत आरपार. आणि त्यांच्यातलं अंतर जवळजवळ सारखं होतं. कुणी मोजून पाडल्यासारखं.

हिशेब केला तर त्या आवाजांची वेळ कळते. त्याच पुस्तकी जोडीचा फायबर तुटतो ०.८ टक्क्यांच्या थोड्या पुढच्या स्ट्रेनला, म्हणजे मूळ लांबीच्या तेवढे टक्के ताणला गेल्यावर. आडव्या थराला मात्र ०.४ टक्केही झेपत नाहीत. दोघं एकमेकांना चिकटलेले, म्हणून दोघांनाही सारखंच ताणलं जावं लागतं. आडवा थर निम्म्या वाटेवरच हार मानतो. त्यातही, भार लावण्याआधीच तो ताणात असतो. ऑटोक्लेव्हमधून बाहेर आल्यावर प्लेट थंड होते तेव्हा रेझिनला आकसायचं असतं, पण शेजारच्या थरांतले कार्बन फायबर जवळपास आकसतच नाहीत. ती ओढाताण प्लेटच्या आत कायमची साठून राहते. टेबलावर नुसती पडलेली, कुणी हातही न लावलेली प्लेट आतून ताणलेली असते, हे कळल्यापासून मी त्या प्लेटांकडे वेगळ्या नजरेने बघू लागले.

मग भेगांमधलं अंतर सारखं का? भेग पडली की तिच्या दोन्ही काठांवर आडव्या थरातला ताण शून्य होतो. पण शेजारचे धड थर त्याच्यात पुन्हा भार ओततात, आणि काही अंतरावर ताण परत पहिल्याइतका होतो. तिथे नवी भेग पडते, बहुधा दोन जुन्या भेगांच्या मधोमध. असं होत होत भेगा इतक्या जवळ येतात की त्यांच्यामधल्या तुकड्यात ताण पुरेसा साचूच शकत नाही. मग भार कितीही वाढवा, त्या थरात नवी भेग पडत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात केन रीफस्नायडर यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की भेगांची ही शेवटची, भरलेली अवस्था त्या त्या लॅमिनेटची, म्हणजे थर रचून बनवलेल्या प्लेटची, स्वतःची असते. थरांचे गुणधर्म, जाडी आणि क्रम यांवरून ती ठरते. भार एकदम लावला की हजारो फेऱ्यांनी लावला, यावरून नाही. मला हे फार सुंदर वाटलं. मोडतोडीलाही रचना असते आणि ती आधी सांगता येते.

याच विषयात पुढे वाचताना मी एका ठिकाणी अडकले आणि बरेच दिवस अडकूनच राहिले. १९७८ मध्ये परवीझी, गॅरेट आणि बेली यांनी काचेच्या फायबरच्या लॅमिनेटवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांनी मधला आडवा थर पातळ पातळ करत नेला. थर जितका पातळ, तितका तो उशिरा तडकतो. फारच पातळ केला तर सगळी पट्टी तुटेपर्यंत तो तडकतच नाही. रेझिन तेच, फायबर तेच, चिकटवणं तेच. नुसती जाडी बदलली आणि ताकद बदलली. मग त्या थराची खरी ताकद कोणती? मी ज्या ४० मेगापास्कलला आकडा म्हणून धरून बसले होते, तो फक्त एकट्या पडलेल्या थराचा आकडा होता. शेजारी कोण आहे आणि किती जाड आहे, यावर तो बदलतो. कारखान्यात असताना पदार्थाची ताकद त्याच्या शेजाऱ्यावर अवलंबून असते असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी विश्वास ठेवला नसता.

उत्तर मिळालं ते शंभर वर्षं जुन्या विचारात. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत ए. ए. ग्रिफिथ काचेवर काम करत होते आणि १९२० च्या सुमारास त्यांनी मांडलं की भेग वाढायची असेल तर तिने मोकळी केलेली ऊर्जा नवे पृष्ठभाग तयार करण्याइतकी असली पाहिजे. नुसता ताण पुरेसा असून भागत नाही. ऊर्जेचा व्यवहारही जुळावा लागतो. पातळ थरात भेग पडली तर मोकळी होणारी ऊर्जाच थोडी, आणि दोन्ही बाजूंचे ताठ शेजारी ती भेग उघडूही देत नाहीत. व्यवहार जुळत नाही, म्हणून भेग पडत नाही. हे वाचलं त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की या पदार्थात अराजक नाही, फक्त नियम दुसरे आहेत.

तेवढ्यात थरांच्या कडेने नवा प्रश्न उभा केला. पट्टी सरळ ओढली तर ताण फक्त पट्टीच्या पातळीत असायला हवा. मग कडेला थर एकमेकांपासून का सुटतात? थरांना एकमेकांपासून दूर खेचणारं कुणी दिसत तर नाही. १९७० मध्ये पाइप्स आणि पगानो यांनी याचं गणित मांडलं. ओढल्यावर प्रत्येक थराला रुंदीत वेगवेगळं आकसायचं असतं, कुणाला तिरकं सरकायचं असतं. मधोमध ते एकमेकांना धरून ठेवतात, पण कडेला पुढे धरायला कुणीच नसतं, म्हणून तिथे थरांच्या मधल्या रेझिनवर ताण उसळतो. आणि थर तेच ठेवून नुसता त्यांचा क्रम बदलला तर कडेला थर उघडायला बघणारा ताण दाबून धरणारा होऊ शकतो. खाली कोण, वर कोण, एवढ्यावर एक पट्टी जगते आणि दुसरी पापुद्र्यांसारखी सुटते.

इथवर मी जे पाहिलं ते सगळं यंत्रावर आणि सावकाश. मला घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. एका पॅनेलवर ठरावीक उंचीवरून गोल डोक्याचं वजन सोडून मारा करायचा होता. पोलादाच्या पत्र्यावर असा मार बसला तर खळगा पडतो. खळगा हीच पावती. मार बसल्यावर मी पॅनेल उजेडात तिरकं धरून बघितलं. बोट फिरवलं. जवळजवळ काही नाही. नंतर अल्ट्रासाउंडच्या सी-स्कॅनमध्ये त्याच जागी आत एक मोठा डाग उमटला. मार बसलेल्या बाजूने आत जावं तसा तो पसरत गेलेला होता, आणि मागच्या बाजूला सर्वांत रुंद. दोन वेगळ्या दिशांचे थर जिथे भेटतात तिथे तिथे थर सुटले होते. प्रत्येक सुटलेली जागा खालच्या थराच्या फायबरच्या दिशेला लांबलेली. शेजारी दोन थर एकाच दिशेचे असतील तर त्यांच्यामधे काही नाही.

ओढून पाहिलं तर अशा पॅनेलची ताकद फारशी कमी झालेली नसते, कारण फायबर बहुतेक शाबूत असतात. दाबून पाहिलं तर ती निम्म्यावरही येऊ शकते. सुटलेला प्रत्येक पातळ पापुद्रा एकटा पडतो, एकटाच वाकतो, बाहेर फुगतो आणि सुटण्याची जागा आणखी रुंदावत नेतो. मारानंतर दाबून बघण्याची ही चाचणी १५० बाय १०० मिलिमीटरच्या तुकड्यावर करतात. तिच्यातून एखादा तुकडा मोडताना बघणं मला अजूनही जड जातं, कारण बाहेरून तो निरोगी दिसत असतो. विमान बनवणाऱ्यांनी यावर घेतलेली भूमिका मला अत्यंत प्रामाणिक वाटते: डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका मार प्रत्येक भागाला कधी ना कधी बसलेलाच आहे असं धरून चालायचं, आणि तो मार असतानाही पूर्ण भार झेपला पाहिजे अशीच रचना करायची.

मारापुढे हा पदार्थ किती हळवा आहे याची मोठी किंमत एकदा मोजली गेली. रोल्स-रॉइसने आरबी-२११ इंजिनासाठी कार्बन फायबरची पंख्याची पाती तयार केली होती, हायफिल नावाने. हलकी, ताठ, सगळ्या चाचण्यांतून पुढे सरकलेली. १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत. टायटॅनियमकडे वळावं लागलं. इंजिनाचा खर्च आधीच हाताबाहेर गेला होता, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघून ती सरकारला ताब्यात घ्यावी लागली. पुढे १९९५ मध्ये सेवेत आलेल्या जीई-९० इंजिनात कंपोझिटची पाती चालली, पण त्यांच्या पुढच्या धारेवर टायटॅनियमचं कवच आहे. हे वाचताना मला त्या पहिल्या पात्यांच्या अभियंत्यांबद्दल फार वाटलं. ओढून, ताणून, वाकवून त्यांचे आकडे बरोबरच होते.

दुसऱ्या बाजूचं उदाहरणही मॅडमनी आवर्जून सांगितलं, कारण तोवर माझ्या मनात या पदार्थाबद्दल संशय घर करू लागला होता. १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ हे एअरबस ए-३०० विमान कोसळलं, २६५ माणसं गेली. त्याचा कंपोझिटचा उभा पंख उडतानाच निखळला होता. सगळ्यांची बोटं कंपोझिटकडे वळली. तपासात निघालं की रडरच्या जोरदार उलटसुलट हालचालींमुळे त्या पंखावर अपेक्षित कमाल भाराच्या जवळपास दुप्पट भार आला होता. दीडपटीला टिकण्यासाठी बनवलेला तो पंख त्याच्याही पुढे जाऊन तुटला. पदार्थाने दिलेला शब्द पाळला होता.

दाबाखालचं तुटणं ही मला सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी समजलेली गोष्ट. फायबर ओढायला इतके मजबूत, मग दाबायला का नाहीत? १९६५ मध्ये रोझेन यांनी फायबरना रेझिनच्या आधारावर उभे असलेले सडपातळ खांब मानून हिशेब केला. उत्तर प्रत्यक्षापेक्षा खूपच जास्त आलं. १९७२ मध्ये आर्गन यांनी साधीच गोष्ट लक्षात आणून दिली: फायबर कधीच अगदी सरळ नसतात. एक-दोन अंश इकडेतिकडे असतातच. दाबलं की तो कल वाढतो, मधलं रेझिन सरकतं, आणि फायबरांचा एक अरुंद पट्टा एकदम मुडपतो. त्या मुडपलेल्या पट्ट्याला किंक बँड म्हणतात. आर्गन यांच्या हिशेबाने दाबाची ताकद म्हणजे रेझिनची सरकण्याची ताकद भागिले तो सुरुवातीचा कोन. कोन दोन अंशांचा चार अंश झाला की ताकद निम्मी. फायबर तेच, रेझिन तेच, फक्त रचताना एक सुरकुती राहिली. हे कळल्यापासून प्लेट रचणाऱ्या मुलींच्या हातांकडे मी बघत राहते. रोलर फिरवून त्या एकेक सुरकुती काढत असतात, आणि त्या वेळी त्या प्लेटची ताकद ठरत असते.

सुरकुती म्हटलं की टायटन आठवते. १८ जून २०२३ ला उत्तर अटलांटिकमध्ये टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेली ती पाणबुडी चुरडली आणि आतली पाचही माणसं गेली. अवशेष आहेत सुमारे ३,८०० मीटर खोल. तिथे पाण्याचा दाब वातावरणाच्या जवळपास ३८० पट. टायटनचं मधलं नळकांडं कार्बन फायबरचं होतं, सुमारे पाच इंच जाड, एकेक इंचाच्या पाच टप्प्यांत गुंडाळून आणि पक्कं करून बनवलेलं. म्हणजे हा पदार्थ ज्या बाबतीत नाजूक, त्या दाबाच्याच तोंडी दिलेला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासणीत त्यात सुरकुत्या, पोकळ्या आणि छिद्रं सापडली. जुलै २०२२ मधल्या एका फेरीत वर येताना आतल्यांनी मोठा आवाज ऐकला होता. त्यानंतरच्या फेऱ्यांत नळकांड्यावरचे स्ट्रेन गेज वेगळे वागू लागले होते. तपासणाऱ्यांच्या मते त्या वेळी आतले थर सुटले होते. आवाज टिपायला त्या पाणबुडीवर सेन्सर होते, नोंदही झाली होती. तरीही पुढच्या वर्षी ती पुन्हा पाण्यात उतरवली गेली.

हे सगळं वाचून मी काकांकडे गेले. मला त्यांचंच वाक्य छळत होतं. आवाज आला तर थांबवू नका. पट्टीच्या बाबतीत ते बरोबर होतं. मग त्या पाणबुडीत बसलेल्यांना कुणी काय सांगायला हवं होतं? काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, पट्टी मी तोडायला लावलेली असते. तिच्यात कुणी बसलेलं नसतं." पुढे त्यांनीच मला दाखवलं की आवाज ऐकण्याचीही एक शिस्त असते.

१९५० मध्ये जर्मनीत योझेफ कायझर यांनी धातूंवर एक गोष्ट पाहिली. नमुन्यावर एकदा भार लावून उतरवला आणि पुन्हा लावला, तर पहिल्या वेळचा कमाल भार ओलांडेपर्यंत तो गप्प राहतो. आधी जे तुटायचं होतं ते तुटून झालेलं असतं. कंपोझिट बऱ्यापैकी धड असेल तर तीही असंच करते. पण आतून बरीच मोडलेली कंपोझिट दुसऱ्या वेळी आधीच्या भाराच्या आतच बोलू लागते. किती आत, त्याचं गुणोत्तर काढतात. त्याला फेलिसिटी गुणोत्तर म्हणतात आणि फायबरच्या टाक्या तपासायला ते वापरात आहे. एकच्या जवळ असेल तर ठीक, जितकं खाली तितकी आतली अवस्था वाईट. म्हणजे आवाज आला का, हा प्रश्नच अपुरा. आधी सोसलेल्या भाराला आला की त्याच्याही आधी आला, हे विचारायचं. माझा इतक्या दिवसांचा गोंधळ या एका प्रश्नाने पुष्कळ निवळला.

पण सगळा नाही, आणि तो माझ्या एकटीचा नाही हे कळल्यावर मला धीरही आला आणि काळजीही वाटली. लॅमिनेट कधी तुटेल हे सांगणारे सिद्धांत भरपूर आहेत. साय आणि वू यांनी १९७१ मध्ये सगळे ताण एका सूत्रात बसवले. हाशिन यांनी १९८० मध्ये फायबरचं तुटणं आणि रेझिनचं तुटणं वेगळं केलं, ताणातलं वेगळं, दाबातलं वेगळं. जर्मनीतल्या पुक यांनी भेग कोणत्या कोनात पडेल ते शोधायला लावलं. यांतलं कोणतं खरं, हे ठरवायला ब्रिटनमध्ये हिंटन, सोडन आणि कड्डूर यांनी १९९० च्या दशकात एक मोठा उपक्रम हाती घेतला. सिद्धांत मांडणाऱ्यांनाच बोलावलं, सगळ्यांना सारखी माहिती दिली आणि १४ उदाहरणांची उत्तरं प्रयोगाचे निकाल न दाखवता आधी लिहून घेतली. निकाल नंतर उघडले. २००४ मध्ये सगळं पुस्तकरूपात आलं तेव्हा १९ सिद्धांत तपासले गेले होते. काही बरेच जवळ गेले, पुकही त्यांत होते. पण साध्या दिसणाऱ्या उदाहरणांतही उत्तरं एकमेकांपासून फार लांब पडली होती, विशेषतः पहिली भेग कधी पडेल यावर. ज्या माणसांनी आयुष्यं या विषयात घातली, ती आपल्या सूत्राची परीक्षा उघडपणे द्यायला बसली, याचा मला मनापासून आदर वाटतो.

मधे मॅडमबरोबर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर जायला मिळालं. तिथल्या पवनचक्क्यांची पाती काचेच्या फायबरची आहेत. पातं फिरतं तेव्हा प्रत्येक फेरीत त्याचं स्वतःचं वजन त्याला एकदा एका धारेकडे वाकवतं, एकदा दुसरीकडे. मिनिटाला पंधरा-वीस फेऱ्या आणि वीस वर्षांचं आयुष्य धरलं तर हे वाकणं दहा कोटींहून जास्त वेळा होतं. यंत्रावर एका ओढीत जे मी पाहिलं, ते इथे वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने होत असतं. मागच्या धारेला दोन अर्धी कवचं डिंकाने जोडलेली असतात. तो जोड उकलतो. पुढची धार पाऊस आणि धूळ खाऊन टाकतात. दोरावर लटकून दुरुस्ती करणारा एक तरुण छोट्या हातोडीने पात्यावर ठोकत खाली सरकत होता. थर धड असले की खणखणीत आवाज, सुटलेले असले की बद्द. तो खडूने खूण करत जात होता. मी खाली उभी राहून ऐकत होते आणि पहिल्यांदाच मला दोन आवाजांतला फरक, यंत्राशिवाय, माझ्या कानांनी कळला.

सध्या माझ्याकडे काचेच्या फायबरच्या पट्ट्या आहेत. त्या अर्धपारदर्शक असल्याने भेगा पडताना उजेडात पांढऱ्या रेघांसारख्या दिसतात. प्रत्येक पट्टीवर मी भार चढवते, उतरवते, पुन्हा चढवते, आणि दुसऱ्या वेळचा पहिला आवाज कोणत्या भाराला आला ते लिहिते. शेजारी त्या वेळी दिसलेल्या रेघांची संख्या. मॅडमना बघायचं आहे की भेगा भरून गेल्यावर थर सुटायला लागतात, तो क्षण या गुणोत्तरात वेगळा दिसतो का. काही पट्ट्यांत तो दिसतोय असं वाटतं. काहींत गुणोत्तर आधीच घसरलेलं असतं आणि कड पॉलिश करून बघितली तरी सुटलेला थर सापडत नाही. त्या पट्ट्या मी वेगळ्या ठेवल्या आहेत. पुढच्या खेपेला त्यांचा सी-स्कॅन भार लावण्याआधीही काढायचा, असं मी आणि काकांनी ठरवलंय, म्हणजे प्लेट बनतानाच आत काही राहून गेलं होतं का तेही कळेल.